भिंतीवरची घागर

शिरूरहून न्हावऱ्याला येताना वाटेत करडे लागतं. लहानपणी एसटी तिथं थांबली की शेजारी बसलेली आजी पदर सावरायची, खिडकीतून गावच्या दिशेनं हात जोडायची आणि म्हणायची, ‘‘माझं म्हायेर. हितं वाण्याचं पाणी तोडलं व्हतं.’’ दुसऱ्या बायका माहेरची ओळख तिथल्या यात्रेवरून सांगतात, विहिरीच्या गोड पाण्यावरून सांगतात. आजीच्या माहेराची ओळख तोडलेल्या पाण्याची होती. ती सांगताना तिचा सूर अभिमानाचा असायचा, की आणखी कशाचा, ते मला फार उशिरा कळलं.

हल्ली पेपर उघडला की ‘निर्बंध’ हा शब्द हमखास भेटतो. अमक्या देशाचं सरकार आपल्याच माणसांना तुरुंगात कोंबतंय, गोळ्या घालतंय, म्हणून तमक्या देशानं त्याच्याशी व्यापार थांबवला, बँकेतली खाती गोठवली, तेल घेणं बंद केलं. न्हावरे फाट्यावरच्या हॉटेलात चहा पिता पिता लोक हे वाचतात आणि पान उलटतात. इथून एक रस्ता तळेगाव ढमढेऱ्याला जातो, एक शिरूरला, आणि चौफुल्याकडे निघालेला भीमा ओलांडून दौंड तालुक्यात उतरतो. उसाच्या गाड्या धुरळा उडवत जातात. दूरच्या देशांच्या भांडणाचा या धुळीशी काही संबंध असेल असं वाटत नाही. पण ही गोष्ट आमच्या घरात फार आधीपासून होती. फक्त तिला ‘निर्बंध’ कुणी म्हणत नव्हतं.

आजी सांगायची ती गोष्ट १८७४ सालच्या डिसेंबरातली. साल तिला माहीत नव्हतं. ते मला पुढे इतिहासाच्या पुस्तकात सापडलं. तिच्या लेखी ती ‘आमच्या म्हातारीच्या ल्हानपणची’ गोष्ट होती. करड्याच्या बाबासाहेब देशमुखांवर काळूराम सावकारानं दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला, त्यात त्यांचं घर घेतलं आणि पाडायला काढलं. देशमुख म्हणजे गावातलं मानाचं घर. ‘‘देशमुखाचा वाडा पडतोय तर उद्या आपलं खोपट कुठं राहतंय?’’ असं म्हणत गाव एका जागी बसलं. ठरलं ते सोपं होतं. सावकाराच्या वावरात कुणी जायचं नाही. न्हाव्यानं त्याची हजामत करायची नाही, परटानं कपडे न्यायचे नाहीत, लोहारा-सुतारानं त्याचं काम हातात घ्यायचं नाही. त्याच्या घरी पाणी भरायचं नाही. जो करील तोही वाळीत.

हे सगळं एका वाड्यावरून पेटलं खरं, पण सरपण बरीच वर्षं रचलं जात होतं. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस बंद पडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार दारात येऊन कर्ज देऊ लागले. १८६५ ला ती लढाई संपली, भाव कोसळला. तेवढ्यात १८६७ च्या सुमाराला सरकारनं सारा फेरआकारून वाढवला. आता सावकारानं हात आखडला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जखत तीन वर्षांपुरतंच चालायचं. म्हणून दर तीन वर्षांनी व्याज मुदलात घालून नवं खत, नवा अंगठा. कायदा शेतकऱ्याला वाचवायला केला होता, पण कोर्टात जाऊन उभा राहायचा तो सावकारच.

करड्याचं लोण गावोगाव पोचलं. पुढच्या मे महिन्याच्या १२ तारखेला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची दुकानं फोडली, खतं आणि रोखे जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते पसरलं. साडेनऊशेच्या घरात माणसं धरली गेली. सरकारनं चौकशीला कमिशन नेमलं आणि १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं त्यानं थांबवलं. सुपे पुस्तकात ठळक छापलं जातं, करडे बहुधा एका ओळीत उरकतं. आमच्या घरात मात्र उलट होतं. आजीला सुप्याची आग ठाऊकच नव्हती. तिला ठाऊक होतं ते पाणी.

आजोबांना आम्ही आण्णा म्हणायचो. आण्णांची गोष्ट निराळी आणि ती सांगताना ते बसत नसत, उभे राहत.

१९५५ साली ते तीस वर्षांचे. बाजरी घालायला म्हणून पुण्याला भुसार बाजारात गेले आणि महिनाभर घरी आलेच नाहीत. पुण्यात तेव्हा गोव्याशिवाय दुसरा विषय नव्हता. गोवा विमोचन सहायक समितीचं काम तिथून चालायचं. केसरीचे जयंतराव टिळक त्यात पुढे होते. १८ मे ला नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी गोव्यात शिरली होती. बापट पारनेरचे. घोडनदी ओलांडली की नगर जिल्हा, तिथून पारनेर काही लांब नाही. मुळशीच्या सत्याग्रहापासून त्यांचं नाव आमच्याकडे घरोघरी. ‘‘चौऱ्याहत्तर वर्षांचं म्हातारं फिरंग्याच्या बंदुकीपुढं चालत गेलं,’’ आण्णा म्हणायचे, ‘‘अन् म्या तिशीचा गडी बाजरीचा भाव करत व्हतो. लाज वाटली.’’

गोव्यात काय चाललं होतं ते त्यांनी सभांतून ऐकलं होतं. पोर्तुगालात सालाझारचं राज्य. गोव्यात परवानगीशिवाय सभा नाही, तपासणी झाल्याशिवाय छापील कागद नाही. लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवावी लागे. हे ऐकून न्हावऱ्याचे लोक हसायचे आणि मग गप्प व्हायचे. त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हांना १९४६ साली धरून आठ वर्षांची शिक्षा दिली आणि थेट पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. एप्रिल १९५५ मध्ये म्हापशाला नॅशनल काँग्रेस गोवाच्या अधिवेशनात सुधाताई जोशी अध्यक्ष म्हणून उभ्या राहिल्या आणि तिथंच पकडल्या गेल्या. नानासाहेबांना दहा वर्षं, त्यांच्यामागून गेलेल्या मधू लिमयांना बारा. नानासाहेब आणि मधू लिमये १९५७ ला सुटले, सुधाताई त्यानंतर.

१५ ऑगस्टला आण्णा बांद्याच्या बाजूनं पत्रादेवीच्या हद्दीवर होते. धोधो पाऊस. माणसं निःशस्त्र, रांगेनं चालत. पलीकडून गोळ्या सुटल्या. त्या दिवशी गोव्याच्या हद्दीवर वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. पनवेलचे हिरवे गुरुजी त्यातलेच. आण्णा सांगायचे, ‘‘पावसाच्या पाण्यात रगत मिसळलं की पाणी लाल दिसत न्हाई, नुसतं गढूळ दिसतं.’’ एवढं बोलून ते थांबायचे आणि पुढचं वाक्य नेहमी मोठ्यानं यायचं: ‘‘मग आपल्या सरकारनं त्यांचं पाणी तोडलं!’’

त्यांच्या तोंडून ‘पाणी तोडलं’ आलं की आजी स्वयंपाकघरातून मान वर करायची.

सरकारनं तोडलं ते असं. पोर्तुगालशी राजनैतिक नातं संपवलं, पणजीतली आपली कचेरी बंद केली. कॅसलरॉकवरून गोव्यात उतरणारी रेल्वे थांबली. मालाचे ट्रक हद्दीवर थांबले. येण्याजाण्याला परवाने लागले. मुंबईच्या गोदीतल्या कामगारांनी गोव्याच्या मालाला हात लावायचं नाकारलं. त्याच वेळी, सप्टेंबरमध्ये, नेहरूंनी सत्याग्रहींना गोव्यात शिरायला मनाई केली. म्हणजे माणसं पाठवायची नाहीत, फक्त माल अडवायचा. आण्णांना पहिली गोष्ट रुचली नाही, दुसरी फार आवडली. तांदूळ, भाजी, साखर, कापड सगळं भारतातून जातं. किती दिवस तग धरील फिरंगी? सहा महिने?

फिरंग्यानं सहा वर्षं तग धरला.

कारण गोव्याला तीन बाजूंनी भारत असला तरी चौथ्या बाजूला समुद्र आहे. हॉलंडहून बटाटे आले, पाकिस्तानातून तांदूळ आणि भाजी, सिलोनहून चहा, जपानहून सिमेंट, पोर्तुगालची दारू तर होतीच. दाभोळीला विमानतळ उभा राहिला, पोर्तुगीज सरकारनं स्वतःची विमान कंपनी काढली आणि कराचीची वाट उघडली. गोव्याच्या पोटात लोखंडाचं खनिज होतं. ते जपान आणि पश्चिम जर्मनीला जाऊ लागलं, त्यातून पैसा आला. परदेशी घड्याळं नि अत्तरं उलट चोरवाटांनी आपल्याकडे यायला लागली. १९४९ पासून पोर्तुगाल ‘नाटो’चा सभासद, अमेरिका, इंग्लंड यांच्या पंगतीत बसलेला. त्याला एकट्या भारतानं वाळीत टाकून काय होणार? करड्याच्या काळूरामाला गाव सोडण्याखेरीज वाट नव्हती. सालाझारला सगळं जग होतं.

हे आण्णांना कुणी समजावलं असेल तर त्यांच्या धाकट्या भावानं. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. तात्या मुंबईत धोबीतलावला पोस्टमन होते. दिवाळीला गावी यायचे. अंगणात सतरंजीवर दोघे भाऊ पडले, की गोव्यावरून वाद ठरलेला.

धोबीतलावात गोव्याच्या माणसांच्या ‘कुडी’ असत. एकेका गावाची एकेक कूड: मोठी खोली, भिंतीला ट्रंका, कोपऱ्यात क्रूस. बोटीवरचे खलाशी, हॉटेलातले आचारी, बँडवाले तिथं राहत आणि महिन्याचे पैसे गावी पाठवत. सत्याग्रहाच्या त्या काळात गोव्यात पैसे पाठवण्यावरही बंधनं आली. तात्यांच्या हद्दीतल्या एका कुडीत एक आचारी होता. गोव्यात साष्टीला राहणारी म्हातारी आई त्याच्याच पैशांवर. तो रोज जिन्यात उभा राहून विचारायचा, ‘‘पोस्टमनदादा, उघडलां?’’ तात्या मान हलवायचे. ‘‘त्यो फिरंग्याला शिव्या द्यायचा, पर डोळं माझ्याकडं लावायचा,’’ तात्या म्हणायचे. ‘‘आण्णा, तू सालाझारचं पानी तोडलंस म्हनतोस. सालाझार लिस्बनला पोटभर जेवत व्हता. पानी तुटलं ते ह्याच्या आईचं.’’

‘‘मग काय करायचं? गप बसायचं? मानसं मारली त्यांनी!’’ आण्णा उठून बसायचे.

‘‘तसं न्हाई म्हनत म्या. पर त्याला इचारलं व्हतं का कुनी?’’

वाद तिथंच अडायचा. आजी भाकरी थापता थापता ऐकत असायची.

१९६१ च्या डिसेंबरात सैन्य शिरलं आणि छत्तीस तासांत सगळं संपलं. सहा वर्षांच्या नाकेबंदीनं जे झालं नाही ते दीड दिवसात झालं. त्यावर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत अमेरिकेनं भारतालाच खडसावलं आणि रशियाच्या नकाराधिकारानं प्रकरण मिटलं, ते आण्णा पेपरातून मोठ्यानं वाचून दाखवायचे. तात्यांनी आणलेली बातमी मात्र वेगळी होती. पोस्ट सुरू झाल्यावर त्यांनी त्या आचाऱ्याला जिन्यातच गाठलं: ‘‘उघडलं रं बाबा, पाठव आता.’’ तो हसला. आई वारली होती. भाऊ नाकेबंदीच्या काळातच खाणीवर लागला होता आणि बरा कमावत होता. ‘‘आतां तोच म्हाका धाडटा,’’ तो म्हणाला. ज्या वेढ्यानं त्याचे पैसे अडवले, त्याच वेढ्यानं त्याच्या भावाला खाण दाखवली होती. आण्णांना हा शेवट कधी आवडला नाही. त्यांच्या हिशेबात तो कुठेच बसत नव्हता.

आणखी एका गोष्टीचा हिशेब लागत नव्हता. सांगलीचे मोहन रानडे. १९५५ च्या ऑक्टोबरात बेती पोलिस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन ते सापडले, सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि पोर्तुगालात नेले गेले. गोवा मोकळा झाला, रानडे तुरुंगातच. सुटले ते १९६९ च्या जानेवारीत. वेढा तेव्हा उरला नव्हता, सैन्याचा तर उपयोगच नव्हता. सुधीर फडके, पु. ल. देशपांडे अशा माणसांनी त्यांच्यासाठी रान उठवलं, शब्द थेट पोपपर्यंत नेला गेला आणि एक दार किलकिलं झालं. आण्णांना फडक्यांचं गाणं रेडिओवर लागलं की ते एवढंच म्हणायचे, ‘‘ह्या मानसानं रानड्याला सोडवला.’’

पाणी तोडण्याची दुसरी बाजू मला आमच्या घरात कळली नसती. ती कळली पंचक्रोशीतल्या एका म्हाताऱ्याकडून. त्याला सगळे बाबाच म्हणत. त्याचं घर गावकुसाबाहेर होतं. मी कॉलेजात असताना एकदा मोठ्या उत्साहानं त्याला करड्याची गोष्ट सांगितली, सगळं गाव कसं एक झालं वगैरे. तो शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘‘गाव एक झालं की आमाला भ्या वाटतं.’’

त्याच्या बापाच्या काळात वस्तीनं मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. बाबासाहेब आंबेडकरांचा शब्द. दुसऱ्या दिवशी गाव एक झालं. दुकानदार मीठ देईना, गिरणीवर दळण घेईनात, वावरात काम नाही, पायवाटेवर काटे. न्हावी, परीट, किराणा: करड्यात जी यादी होती तीच, शब्दाला शब्द. फक्त करड्यात खाली दबलेल्यांनी वरच्याचं तोडलं होतं आणि इथं वरच्यांनी खालच्यांचं. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतल्यावर लोक गावोगाव परतले तेव्हा हेच वाट्याला आलं. मार आठवड्यात भरून येतो, मीठमिरची बंद झाली की महिन्यात माणूस गुडघ्यावर येतो. आंबेडकरांनी हे हत्यार नीट ओळखलं होतं. बहिष्कार हा गुन्हा ठरवा, अशी मागणी त्यांनी गोलमेज परिषदेपर्यंत नेली. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करायला २०१६ साल उजाडलं आणि तो लागू झाला २०१७ मध्ये.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी आजीजवळ बसलो. बाबाचं बोलणं तिला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग तिनं ती गोष्ट सांगितली, जी एसटीच्या खिडकीतून कधी सांगितली नव्हती.

सावकाराच्या वाड्याला लागून आजीच्या आजीचं घर होतं. मध्ये एक मातीची भिंत, पुरुषभर उंच. आजीची आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. सावकाराची सून बाळंतीण होती. ठराव झाला त्या रात्री ती भिंतीपलीकडे रडत होती. पुरुषमाणसं देवळात शपथ घेऊन आली होती. त्यात आजीचा पणजाही होता. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पणजीनं पोरीला उखळावर उभं केलं आणि भिंतीवरून घागर सरकवली. पलीकडून दोन हातांनी ती घेतली. रोज. बोलणं नाही, नाव नाही. रिकामी घागर पहाटे भिंतीवर असायची. ‘‘अन् पणजाला कळलं न्हाई?’’ मी विचारलं.

‘‘कळंना कसं? घागर त्याच्याच घरातली.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय. दिवेलागनीला त्यो गोठ्यात जायचा अन् घागर भितीवरनं पल्याड जाईस्तवर येत न्हवता.’’

सावकार शेवटी शिरूरला निघून गेला, असं आजी म्हणायची. तिच्या मते गावानं केलं ते बरोबर होतं. वाडा पाडणाऱ्याला अद्दल घडायलाच हवी होती. ‘‘पर वाडा सुनेनं पाडला न्हवता,’’ ती म्हणाली. आणि जराशानं, ‘‘आन् सावकार काय येकच व्हता? आपल्यातलंबी व्हतंच की. त्येंच्या दारात पानी चालूच व्हतं.’’ तिच्या या वाक्यानं मी दचकलो, कारण कमिशननंही तेच नोंदवलं आहे: लोकांचा राग मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांवर कोसळला, इथल्या ब्राह्मण सावकारांना फारसा धक्का लागला नाही. परका वाळीत टाकायला सोपा जातो. आज देशादेशांच्या निर्बंधांतही हे दिसतं. आपल्या गोटातला जुलमी आणि परक्या गोटातला जुलमी यांना एक तराजू क्वचितच लागतो.

तात्यांचा सवाल मग मला नव्यानं ऐकू आला. ‘त्याला इचारलं व्हतं का कुनी?’ दूरच्या देशांचा हिशेब मी तेव्हापासून त्याच सवालानं करतो. १९९० नंतर इराकचा व्यापार जगानं तोडला. सद्दाम राजवाड्यातच राहिला आणि औषधाविना तडफडली ती तिथली पोरं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. अलीकडे काही देश नाव घेऊन माणूस पकडतात: अमका सेनापती, तमका पोलिस अधिकारी, त्याचंच खातं गोठवायचं, त्यालाच व्हिसा नाही. रशियात तुरुंगात मेलेल्या मॅग्निट्स्कीच्या नावानं अमेरिकेनं २०१२ साली असा कायदा केला. आजीला सांगितलं असतं तर म्हणाली असती, सावकाराचं तोडा, सुनेचं नको, हे कळायला एवढी वर्षं लागली व्हय?

विचारून तोडलेल्या पाण्याची गोष्ट शाळेत ऐकली. आमचे गुरुजी नकाशावर दक्षिण आफ्रिका दाखवताना सांगायचे, की याच्याशी आपलं बोलणं बंद आहे. हे भारतानं सगळ्या जगाच्या आधी केलं. १९४६ साली तिथल्या हिंदी लोकांना जमीन कुठं घ्यावी आणि कुठं राहावं यावर बंदी घालणारा कायदा झाला. त्याच वर्षी १७ जुलैला हिंदुस्थान सरकारनं त्या देशाशी व्यापार तोडला. अजून इंग्रज गेले नव्हते. आपल्या निर्यातीतला पाच टक्क्यांहून अधिक माल तिकडे जायचा, त्यात तागाची पोती पुष्कळ. ते नुकसान आपण सोसलं. पहिली कित्येक वर्षं आपल्याबरोबर फार कुणी नव्हतं. इंग्लंड, अमेरिकेची दुकानं चालू होती. पुढं तिथल्या काळ्या लोकांच्या पुढाऱ्यांनी, अल्बर्ट लुथुलींनी, आमच्या देशाचा माल घेऊ नका असं जगाला स्वतः सांगितलं. झळ आधी आपल्याच लोकांना बसणार हे त्यांना माहीत होतं. ज्यांच्या घागरी रिकाम्या होणार होत्या, तेच म्हणत होते, तोडा. १९७७ ला संयुक्त राष्ट्रांनी शस्त्रं विकायला सक्तीची बंदी घातली. १९८५ ला अमेरिकेतल्या एका मोठ्या बँकेनं कर्जाची मुदत वाढवून द्यायला नकार दिला. सावकारानं हात आखडला, की काय होतं ते आमच्या तालुक्याला सांगायला नको.

ऐंशीच्या दशकात आमच्यातला एक जण आखातात नोकरीला निघाला. न्हावऱ्यात पासपोर्ट हातोहात फिरला. त्यात लिहिलं होतं, की दक्षिण आफ्रिका सोडून. ‘‘तिकडं कोन चाललंय!’’ म्हणून लोक हसले. आण्णांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि पासपोर्ट दोन्ही हातांनी परत दिला.

मग १० नोव्हेंबर १९९१. रविवार. दिवाळी नुकतीच सरलेली, आत्या अजून माहेरीच. मंडेला तुरुंगातून सुटून पावणेदोन वर्षं झाली होती. दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ पहिल्यांदाच भारतात आला होता. कोलकात्याच्या ईडनवर लाखभर माणसं आणि आमच्या ओसरीत टीव्हीपुढे तीस. डोनाल्डनं पाच गडी टिपले तेव्हा ओसरी चिडीचूप. मग सचिन आणि आमचा प्रवीण आमरे, त्याचा पहिलाच सामना. एकाचे बासष्ट, दुसऱ्याचे पंचावन्न. तीन गडी राखून जिंकलो.

आजी दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. गोरीपान, मोठाली पोरं लोकांना हात हलवत मैदानाला फेरी मारत होती. त्यांचा कप्तान क्लाईव्ह राईस बेचाळिशीचा. उमेदीची सगळी वर्षं देश वाळीत होता म्हणून तो कसोटी खेळूच शकला नव्हता.

‘‘ही पोरं इतकी वर्सं कुठं व्हती?’’ तिनं विचारलं.

‘‘वाळीत,’’ आण्णा म्हणाले.

‘‘त्यांनी काय केलं व्हतं?’’

आण्णांनी टीव्हीचा आवाज कमी केला. खूप काही सांगायला निघाले असावेत: १९४६, गुरुजींचा नकाशा, पासपोर्टातली ती ओळ. पण आजीकडे बघून थांबले. ‘‘त्यांनी न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘त्यांच्या सरकारनं.’’

आजीनं मान डोलावली. आमच्याकडे वाळीत पडलेला दंड भरतो, गावाला जेवण घालतो आणि मग त्याला पुन्हा पानावर घेतात; ती रीत तिला चांगली ठाऊक होती.

‘‘मग आता पंगतीला घेतलं म्हना की,’’ ती म्हणाली, आणि तीस माणसांच्या चहाचं आधण ठेवायला आत गेली.